वहिनींचा ब्लँक

पीएचडीचं शेवटचं प्रकरण सोमवारी गाइडना द्यायचं, म्हणून त्या रविवारी मी दौंडच्या घरी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. दुपारी वहिनी कंपनीच्या बसनं कुरकुंभहून फर्स्ट शिफ्ट करून आल्या. औषधांच्या लॅबमध्ये त्या मशीनवर नमुने तपासतात. मेथीची जुडी घेऊन शेजारी टेकल्या आणि आलेखातल्या सुळक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "आमच्यात ह्याला पीक म्हंत्यात. हा कशाचा?"

मला सांगायची भारी हौस. म्हटलं, हा लांबच्या आकाशगंगेतला ताऱ्यांचा समूह. त्याच्या प्रकाशाच्या वर्णपटात हा सुळका म्हणजे हेलियमची रेषा, ती असायला नको. ती उमटवण्याइतके तिथले तारे तापलेलेच नाहीत. पण समूहात एक्स-रे फेकणारं काहीतरी बसलंय, बहुधा कृष्णविवर. म्हणजे हे त्याचंच काम. असे सहा समूह मी शोधलेत.

"ब्लँक चालवला का?"

त्यांच्याकडं अनोळखी पीक आला, की औषध न घातलेला नुसता द्राव मशीनवर चालवतात. पीक त्यातही आला, तर दोष औषधाचा नसतो. "एक्स-रे नसलेल्या समूहात ही रेघ हाय का न्हाई, बघितलं का?"

"वहिनी, हे तुमचं गोळ्या-औषधांचं काम नाही," मी फटकन बोलले. त्या मेथी निवडत राहिल्या. मला लाज वाटली आणि भीतीही, कारण मी बघितलंच नव्हतं. तसल्या समूहांचे वर्णपट लॅपटॉपमध्येच पडून होते. काढले. त्यातल्या दोन समूहांत तीच रेषा, तेवढीच ठळक. कृष्णविवर निर्दोष ठरलं असं नाही, पण माझ्या हातात पुरावा काही उरला नाही. दोन वर्षं राबले होते. रडू आलं.

"कुणाला कळणारे? देऊन टाकते तसंच," मी म्हटलं.

वहिनींनी मेथी खाली ठेवली. "आमच्यात एका बॅचला असाच पीक आला. ड्यूटीवर वरवंडचे एक कामगार मामा व्हते. त्यांनीच औषधात घाण केली म्हनून त्यांना कामावरनं काढलं. आठ दिसांनी ब्लँक चालवला, तर पीक त्यातबी."

"मग परत घेतलं?"

"न्हाई." वहिनी म्हणाल्या, "पहिल्या रिपोर्टवर सही माझी व्हती, ताई."

मी त्यांच्यासमोरच गाइडना फोन लावला. म्हटलं, "सर, मी घाई केली. प्रकरण उद्या देत नाही."