फळ्यावरची चौकट

आमचं घर देवळाली कॅम्पात. तोफखान्याचा सराव सुरू असला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, मांडणीवरची भांडी एकमेकांना लागतात आणि आमचं मांजर कूससुद्धा बदलत नाही. मीही त्याच घरात वाढले. तोफेच्या आवाजाने मी कधी दचकले नाही. दचकायचे ती खडूच्या आवाजाला.

हे ऐकून लोक हसतात. आता मलाही हसू येतं, पण तेव्हा येत नव्हतं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात गणितात एम.एस्सी. करत होते. पुढे पीएच.डी. करायची, गणितातच राहायचं, हे मी कोणालाही न विचारता केव्हाच ठरवून टाकलं होतं. घरी सांगितलं तेव्हा पप्पा कापड बेतत होते. कॅम्पच्या बाजारात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. जवानांच्या वर्द्या शिवायच्या, सैल करायच्या, फिती लावायच्या, हे त्यांचं काम.

कात्री न थांबवता ते म्हणाले, "बँकेच्या परीक्षा दे. गणित चांगलं हाय तुझं, पटकन लागशील."

"पप्पा, बँकेत गणित नसतं."

"मग काय असतं?"

"बेरीज."

कात्री क्षणभर थांबली. आई मागून म्हणाली, "जिभेला हाड नाही हिच्या." ते खरंच आहे. माझी जीभ नको तिथे चालते आणि पाहिजे तिथे टाळूला चिकटून बसते.

आमच्या विभागात एक रीत होती. फळ्यावर चूक झाली तर ती पुसायची नाही. त्या ओळीभोवती खडूने चौकट करायची आणि खाली नव्याने लिहायचं. विभागप्रमुख मॅडमनी ही रीत पाडली होती. त्या म्हणायच्या, "पुसलंत तर तीच चूक पुन्हा कराल आणि पहिल्यांदाच केली असं समजाल." ही रीत आमच्या अंगात इतकी मुरली होती की कॅन्टीनमध्ये कोणी थाप मारली की समोरचा बोटाने हवेत चौकट काढायचा. एका मैत्रिणीने तर सांगून आलेल्या मुलाच्या फोटोभोवती पेनाने चौकट काढून तो आईला परत दिला होता. लग्न अर्थातच झालं नाही.

प्रत्येकाला एकदा फळ्यापाशी उभं राहून सगळ्या वर्गाला एक प्रमेय सिद्ध करून दाखवावं लागे. माझी पाळी आली त्या दिवशी मी तयारीत होते, अगदी चोख तयारीत. अर्धा फळा भरला आणि खडू चर्रकन वाजला. अंगावर काटा आला आणि त्याबरोबर मनात आलं, वरची तिसरी ओळ चुकली आहे. का चुकली, कुठे चुकली, काही सांगता येईना. चुकली आहे एवढं मात्र नक्की वाटत होतं. छाती धडधडायला लागली, बोटांना मुंग्या आल्या, वर्गातले चेहरे लांब लांब जायला लागले. आता मी इथेच पडणार आणि बहुतेक मरणार, असं मला अगदी खरं वाटलं.

मी डस्टर उचललं आणि सगळा फळा पुसून टाकला. त्या विभागात असं कोणी कधी केलं नव्हतं. मागच्या बाकावर कोणीतरी "अगं!" म्हणालं. मी बॅग उचलली आणि बाहेर पडले, ती थेट घरी.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोलावून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाल्या, "तुझी तिसरी ओळ बरोबर होती. चौथीही. होतं ते सगळं बरोबर होतं. का पुसलंस?"

मला रडू फुटलं, पण ते दुःखाचं नव्हतं. चुकलेलं पुसलं असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. बरोबर असलेलं मी स्वतःच्या हाताने पुसलं होतं, आणि त्याचा मला भयंकर राग आला होता. एवढा राग मला बँकेचाही कधी आला नव्हता.

"पीएच.डी.च्या मुलाखती फळ्यापाशीच होतात," मॅडम म्हणाल्या. "तिथून पळालीस तर दुसऱ्या दिवशी चहाला कोणी बोलावणार नाही. आधी डॉक्टरांना दाखव."

दाखवलं. नाशिकरोडच्या एका बाई डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की हा चिंतेचा आजार आहे, बऱ्याच जणांना होतो, आणि छातीत धडधडलं म्हणून हृदयाला काही झालेलं नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. आईने त्र्यंबकेश्वरला नेऊन अभिषेक करवला. मी गोळ्याही घेतल्या आणि अभिषेकालाही बसले. या बाबतीत कोणाशीच वाद घालायची माझी तयारी नव्हती.

डॉक्टरांशी मात्र घातला. गणित शिकलेल्या माणसाचा हा खास खुळेपणा. मी त्यांना म्हटलं, "पुन्हा असं होणार नाही, हे सिद्ध करून दाखवा. मग मी फळ्यापाशी जाते."

त्या हसल्या. "तसं कसं सिद्ध करणार? होईल की. पुन्हा होईल. ते चढतं आणि आपोआप उतरतं. उतरेपर्यंत तू फळ्यापाशी थांबायचंस, एवढंच तुझं काम."

मी चिडून बाहेर आले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, मी इतके दिवस त्या सिद्धतेचीच वाट बघत बसले होते. ती मिळाल्यावर जगायला सुरुवात करणार होते. आणि तशी सिद्धता नव्हतीच.

मग मी प्लायवूडचा एक तुकडा काळा रंगवला आणि पप्पांच्या दुकानात मागच्या भिंतीला लावला. दुकानात बाकावर जवान बसलेले असायचे, कोणी मापाला, कोणी वर्दी न्यायला. अनोळखी माणसं हवी होती, ती इथे आयती मिळत होती. मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर उभी राहून प्रमेयं सिद्ध करायला लागले. पहिल्या दिवशी बाकाकडे पाठ करून, पुटपुटत कसंबसं एक पूर्ण केलं.

एका जवानाने विचारलं, "दीदी, ये सब काम कहाँ आता है?"

"अभी तो मेरे ही काम आ रहा है, भैया," मी म्हटलं.

त्याने गंभीरपणे मान हलवली आणि पुढचं ऐकायला सरसावून बसला. इतका चांगला श्रोता मला नंतरही फारसा भेटला नाही.

पप्पांची तक्रार वेगळीच होती. "त्या चौकटी कशाला ठेवतेस? पुसून टाक की. गिऱ्हाईक बघतं. आमच्यात शिलाई चुकली तर उसवून टाकतात, दाखवत नाय कुणाला."

"आमच्यात दाखवतात."

"लय भारी तुमच्यात," ते म्हणाले आणि मशीन चालवायला लागले.

एका संध्याकाळी लिहिता लिहिता माझा हात थांबला. तेच सगळं पुन्हा आलं, छाती, मुंग्या, लांब जाणारे चेहरे. पप्पांच्या मशीनचा आवाज बंद झाला. मी त्यांच्याकडे न बघता हाताने खूण केली, चालू द्या. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. मी फळ्याला एक हात टेकून तशीच उभी राहिले. ते खूप वर चढलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याहून खूप वर, आणि मग हळूहळू उतरलं. मी पुढची ओळ लिहिली.

दुकान बंद करताना पप्पांनी विचारलं, "घरी पळावंसं वाटलं ना मघाशी?"

"वाटलं."

"मग?"

"पळून पळून घरापर्यंतच तर येणार."

त्यांनी शटर ओढलं. त्यानंतर बँकेचा विषय त्यांनी काढला नाही.

मुलाखत पुण्याला होती. सकाळच्या बसने एकटीच गेले. खोलीत समोर तीन प्राध्यापक, बाजूला मोठा हिरवा फळा. बोलणं इंग्रजीत. त्यांनी एक विधान सिद्ध करायला सांगितलं. मला ते येत होतं. मी एक संच घेतला, त्यातला एक घटक उचलला आणि झरझर पुढे निघाले.

"हा घटक आला कुठून?" मधल्या प्राध्यापकांनी विचारलं.

मी वर पाहिलं. संचात काही आहे की नाही, हेच मी तपासलं नव्हतं. डब्यात लाडू आहे का न बघताच मी लाडू वाढायला निघाले होते. पहिल्या वर्षाची मुलं करतात ती चूक. या वेळी ती खरीच झाली होती.

हाताला मुंग्या आल्या. डस्टर अगदी हाताशी होतं आणि दरवाजाही फार लांब नव्हता.

"हरकत नाही," ते सौम्यपणे म्हणाले. "पुसा आणि पुन्हा लिहा."

मी खडू उचलला आणि त्या ओळीभोवती चौकट काढली. चारही बाजू वाकड्या आल्या.

"आमच्याकडे पुसत नाहीत, सर," मी म्हणाले. इतका वेळ इंग्रजीत बोलत होते, हे मात्र मराठीत निघालं.

डावीकडच्या प्राध्यापक मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मराठीतच विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला? थोडं बसता का?"

"बरं वाटत नाहीये," मी म्हणाले. "पण उभ्यानेच पूर्ण करते."

संच रिकामा असेल तर सिद्ध करायला काही उरतच नाही, ते एका ओळीत लिहिलं. नसेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं. लिहिताना छाती धडधडत होती. ती धडधडू दिली. शेवटची ओळ लिहिली तेव्हाही ती थांबली नव्हती.

जागा मिळाली, हे सांगून टाकते. पण ते पुढे कळलं. त्या संध्याकाळी मला काहीच माहीत नव्हतं आणि मी स्टँडवर बसची वाट बघत उभी होते. पप्पांचा फोन आला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"कसं झालं?"

"चुकले, पप्पा. सगळ्यांसमोर."

मशीन थांबलं.

"पळालीस?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. "ये मग. जेवायचं थांबतो आम्ही."