हळद लागलेलं किट

स्टाफरूममधले किस्से बेसिनमधल्या चहाच्या कपांसारखे असतात, कुणी हात लावला नाही की साचत जातात. आमच्या पनवेलच्या शाळेत यंदा साचलेले सगळे किस्से एकाच खोक्याचे आहेत.

देशभर केमिस्ट्री प्रयोगांतून शिकवायची असं दिल्लीत ठरलं, आणि आमच्याकडे एक पांढरं खोकं आलं. आत टेस्ट ट्यूब, बर्नर, ॲसिडच्या बाटल्या. विज्ञानाचे काझी सर इतके खूश की घरून सगळ्यांना शेवया घेऊन आले. बिचाऱ्यांनी जन्मभर प्रयोग फळ्यावरच केले होते.

हेडमास्तर पाटील सरांनी दसऱ्याला खोक्याची पूजा केली, हळदीची बोटं ओढली आणि कुलूप घातलं.

"सर, मुलांना वापरायचंय ना?" काझी सरांनी विचारलं.

"आणि फुटलं म्हणजे? सरकारी वस्तू आहे ती."

किल्ली त्यांच्या खिशात गेली.

*

मग काझी सर ट्रेनिंगला जाऊन आले. स्वयंपाकघरातल्या वस्तूंनीही प्रयोग होतात, असं तिथे सांगितलं होतं. सरांनी लगेच नववीला हळद, साबण आणि कोकमाचं पाणी आणायला लावलं. हळदीचा प्रयोग झकास झाला. कोकमाची पाळी आली, तर बाटल्या रिकाम्या.

"सर, आमी प्यायलो," विचुंबे गावातली एक मुलगी म्हणाली. "आदी पीटीचा तास व्हता ना."

"आंबट होतं का?"

"लय."

"मग लिहा, आम्ल."

*

एके सकाळी फोन आला. तपासणीच्या मॅडम येतायत, न वापरलेलं किट दुसऱ्या शाळेला देणार. काझी सरांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

पाटील सर मात्र निर्धास्त. "आपलं किट नव्यासारखं आहे," म्हणत त्यांनी कपड्याच्या साबणाचं ओलं फडकं खोक्यावर फिरवलं. मॅडम दारात, आणि हळद लालभडक!

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"शप्पथ सांगतो, हळद होती. मी नुसता साबण लावला."

काझी सरांनी समोरच्या वर्गातल्या नववीला तोच प्रश्न विचारला. अख्खा वर्ग ओरडला, "साबण आम्लारी आहे, सर!"

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. "छान. आता सांगा, किट वापरता का?"

पाटील सरांचं लक्षच नव्हतं. ते खोक्याकडे बघत होते.

"काझी," ते हळूच म्हणाले, "लिंबू पिळलं तर परत पिवळी होईल का हो?"

काझी सरांनी हात पुढे केला. "लिंबू कशाला? किल्ली द्या सर, आत ॲसिड आहे."