बंदरात अडकलेली पिंपं

लोक मला विचारतात, लायसनच्या कामात हसण्यासारखं काय असतं? अहो, आमचा प्रत्येक अर्ज तीनदा परत यायचा आणि दर वेळी एक किस्सा घेऊन यायचा. कपाटात फायलींपेक्षा किस्सेच जास्त झाले.

मी चौथी शिकलेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जळगावच्या एमआयडीसीत एका मारवाडी शेठजींच्या रंगाच्या कारखान्यात लायसनची कामं बघायचे. पेट्रोलियमचे इंग्रजी नियम डिक्शनरी मांडीवर घेऊन पाठ केले. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे कुणी चुकीचंही शिकवलं नाही!

शेठजींनी पहिल्यांदाच परदेशातून रंग पातळ करायचं सॉल्व्हंट मागवलं. एका ठिणगीत भडकणारा माल. मी बजावलं होतं, आधी गोदामाचं लायसन वाढवून घ्या. ऐकतंय कोण? पिंपं मुंबई बंदरात उतरली आणि कस्टमनं अडवली. ती सुटली नाहीत तर कारखाना बंद आणि तीस माणसं घरी.

*

शेठजी केळ्यांचा घड घेऊन स्वतः मुंबईला गेले. कस्टमच्या साहेबांनी एक केळं सोललं, सावकाश खाल्लं आणि हात पुसले.

"गोड आहे. आता साठवणुकीचं लायसन दाखवा."

*

मग लायसनच्या अर्जासाठी गोदामाचा नकाशा. धुळ्याला देवपुरात शेठजींच्या ओळखीचा एक ड्राफ्ट्समन होता, हात फार सुंदर. त्यानं गोदाम काढलं आणि कागद मोकळा दिसतो म्हणून भोवती आठ कडुनिंब काढले. लायसन देणाऱ्या नागपूरच्या ऑफिसातून पत्र आलं: गोदामाभोवतीची मोकळी जागा झाडांनी व्यापली आहे, झाडं तोडल्याचं कळवा.

आता नसलेली झाडं तोडायची कशी? शेठजी बिचारे रडकुंडीला आले होते. म्हणाले, "अक्का, लावून तोडू का?"

मी नवा नकाशा काढून घेतला. त्यात गवताची काडीसुद्धा येऊ दिली नाही.

*

तपासणीला नागपूरचे साहेब येणार असं ठरलं. शेठजींच्या आई, आम्ही त्यांना बाईजी म्हणायचो, गोदामाच्या दारात आरती करायची म्हणून तबक घेऊन आल्या. मी दिव्याला हात आडवा केला. म्हातारीचे डोळे भरले. मलाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. शेवटी तबकात बॅटरी ठेवली, बटण दाबलं, आणि बाईजींनी मनापासून ओवाळलं. घंटा मात्र, ठिणगी नको म्हणून, फाटकाबाहेर वाजवली.

*

आणि तो दिवस. साहेब नागपूरहून आले. सफारी, काळे चकचकीत बूट. शेठजी हात जोडून पुढे. गोदामाच्या दारात आमचा वॉचमन नाना, पहूरचा. साहेबांचे बूट फरशीवर टक टक वाजले आणि नाना आडवा आला.

"साहेब, तुमना बूटले नाल शे. मझार जावानं नई."

मझार म्हणजे आत. लोखंडी नालेनं ठिणगी उडते, हे मीच त्याला शिकवलं होतं. पण साहेबांना अडव, असं काही सांगितलं नव्हतं! साहेबांनी विचारलं, मी कोण आहे माहीत आहे का? नाना म्हणाला, माहीत शे. शेठजी त्याला बाजूला ओढायला लागले. माझ्या डोळ्यांपुढे तीस माणसं आली, तरी मी शेठजींचाच हात धरला. नाना बरोबर होता.

नानानं आपल्या रबरी चपला काढून पुढे सरकवल्या.

साहेब खाली वाकले, बुटाची नाडी सोडली. नानाच्या चपला त्यांना दोन बोटं मोठ्या. फटक फटक करत त्यांनी अख्खं गोदाम पाहिलं. वाळूच्या बादल्या मोजल्या, कुलपं ओढून पाहिली.

पंधरा दिवसांनी लायसन आलं आणि पिंपं सुटली. लायसनसोबत तपासणीचा अहवाल होता. त्यात 'आढळलेल्या त्रुटी' या रकान्यात एकच ओळ होती:

"पाहुण्यांसाठी चपला नाहीत."