बंद खदानीचा अहवाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण काल सखारामने मला चहा पाजला.

मी बांधकाम विभागात इंजिनिअर होतो. वाटूरच्या पुढे एका वस्तीवर शाळेची खोली बांधायची होती. तिचं अंदाजपत्रक मी केलं — केलं कसलं, जुन्यावरून उतरवलं. खडी कुठून येणार? जुन्यात जवळची एक खदान होती, तीच लिहिली. जाऊन बघायला कितीसा वेळ लागला असता?

त्यावर विसंबून सखारामने काम घेतलं. मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला माणूस. गवंडीकाम करता करता पहिल्यांदाच ठेकेदार झालेला. महिन्याभरात माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, ती खदान कवाची बंद हाय. खडी पार जालन्याहून आणून राह्यलो. अंतर तेवढं बराबर लिवा, मंग परवडंल."

वरून मला विचारणा झाली — वाढीव दराची मागणी वाजवी आहे का, जागेवर जाऊन कळवा. गेलो. फाटकाला गंजकी साखळी, आत बाभळी माजलेल्या. खरं लिहिलं तर आधीचं काम मी खुर्चीतून न उठता केलं, हे उघडं पडणार होतं. आणि बढतीची यादी लागायची होती. मी लिहिलं — "प्रत्यक्ष पाहणी केली. खदान सुरू आहे. मागणी अवाजवी."

भिंती खिडकीपर्यंत येऊन काम थांबलं. सखारामचं नाव काळ्या यादीत गेलं. मला बढती मिळाली.

एवढ्यावर तरी थांबायचं — पण नाही. तो विचारायला आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मी तुझ्याच बाजूने लिहिलं होतं रे, वरच्यांनी ऐकलं नाही. हे खोटं माझ्याकडे मागितलं तरी कुणी होतं?

काल अंबडला एका बांधकामावर तो दिसला. दुसऱ्याच्या हाताखाली, थापी घेऊन. मला बघून परांचीवरून खाली उतरला, हात धुतले, चहा मागवला. पैसे मला देऊ दिले नाहीत. सोबतच्या गवंड्याला म्हणाला, "समद्या हापिसात ह्या एकट्या साहेबानं माझ्यासाठी खरं लिवल्तं."

मी कप संपवला. आणि मान हलवली — हो म्हणून.