कवळीवाल्यांचा ग्रह

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तीस वर्षं एका छोट्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी बसून ते लोकांचे दात बनवत आले होते. पण रविवार उजाडला की हाच माणूस ग्रह बनवायला बसे! खरेखुरे नव्हेत हो, सिनेमातले. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एरवी लग्नांचं शूटिंग करायचा आणि उरलेल्या वेळात परग्रहावरचे सिनेमे काढायचा. एका साध्या लग्नाच्या खर्चात अख्खं अंतराळ बसवायचं, तर घरच्यांना कामाला जुंपणं आलंच.

बायको टपाल कचेरीत तिकिटांच्या खिडकीवर बसे. बाई फटकळ. पहिल्या सिनेमाच्या वेळी तिनं भावाला तोंडावर सांगितलं होतं, "अरे, लग्नाचं वय झालं तुझं, आणि रॉकेट कसले उडवतोस?" पण ऐकतो कोण? घरातली चहाची गाळणी गायब झाली की तिनं समजून घ्यावं, कुठंतरी यान तयार होतंय. दातांच्या प्लास्टरचे डोंगर, हिरड्यांच्या गुलाबी मेणाच्या दऱ्या, बिघडलेल्या कवळ्यांचे दात एकाला एक लावून उभी केलेली शहरं. परग्रहावरचा राक्षस म्हणजे उलटा घातलेला रेनकोट, आणि पाठीवरची चेन प्रत्येक सिनेमात दिसायचीच.

आणि तरी गंमत बघा. दिवा लावून कॅमेऱ्याला डोळा लावला की त्याच बाईचा श्वास अडकायचा. तिनंच धुऊन वाळवलेली चादर मैलोन्‌मैल पसरलेलं तांबडं आभाळ झालेली असायची. "कमाल आहे बाई!" तिच्या तोंडून निघून जायचं, मग ती स्वतःवरच चिडायची.

दोऱ्याला टांगलेलं यान उतरवायचं काम मात्र कवळीवाल्यांचं, दुसऱ्या कुणी दोऱ्याला हात लावायचा नाही. स्टुलावर उभं राहून ते यान असं अलगद टेकवत की दोरा समोर दिसत असूनही बघणारा त्याला विसरून जाई. अकरा वर्षांत पाच सिनेमे झाले, पाच ग्रहांवर त्यांनी यान उतरवलं, एकदाही धक्का बसला नाही.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. "कुणाला कळू द्यायचं नाही," घरी आल्यावर कवळीवाले बायकोला म्हणाले. "आमच्या मालकांना नाही, आणि तुझ्या भावाला तर मुळीच नाही. हात गेला म्हटलं की लोक वेगळ्या नजरेनं बघतात गं. ते मला सोसायचं नाही."

"अहो, पण यान?"

"एवढं एक उतरवतो. मग सांगू, वय झालं."

सहाव्या सिनेमाचा शेवट नेमका त्या उतरण्यावर होता. यान मऊ जमिनीत रुतणार आणि भोवती कडं उमटणार, म्हणून ग्रहावर ओलं प्लास्टर ओतायचं ठरलं. ते प्लास्टर पाच मिनिटांत घट्ट होतं. शिवाय रीळ उरलं होतं एकच. चुकलं की सिनेमा गेला, आणि सहा महिने खपून केलेला ग्रहही गेला.

भर दुपारी पडदे ओढून त्यांनी दिवा लावला. मेहुणा कॅमेऱ्याला चिकटला. कवळीवाल्यांनी प्लास्टर कालवलं, ओतलं, आणि दोरा घेऊन स्टुलावर चढले. यान निम्म्यावर आलं आणि हाताला कंप सुटला की! यान लटालटा हलायला लागलं. ते आणखी पुढे वाकले, ओठ दाबून धरले, पण हात ऐकेना. बायकोनं मागचापुढचा विचार न करता मागून हात घातला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं. हलणं थांबलं. यान खाली आलं, रुतलं, भोवती सुरेख कडं उमटलं.

"झकास, भाऊजी!" कॅमेऱ्याला चिकटलेल्या मेहुण्याला यानाखेरीज काही दिसलं नव्हतं.

महिन्याभरानं रीळ धुऊन आलं आणि मेहुणा पडलेल्या चेहऱ्यानं घरी आला. "ताई, घोळ झालाय. आभाळात सावली पडलीये. हाताची. एक नाही, दोन हात."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दिव्यासमोर कोण वाकलं, कुणी कुणाला धरलं, ते दोघांनाही तेव्हाच उमगलं. "काढून टाक ना तेवढं," ती म्हणाली.

"मग यान उतरायचं कसं?"

सिनेमाचा खेळ एका रविवारी सकाळी थिएटरात होता. झाडून सगळे नातेवाईक आले, प्रयोगशाळेतली माणसं आली, आणि नेमके तिथले मालक येऊन नवरा-बायकोच्या मागच्या रांगेत बसले. राक्षसाची चेन दिसली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तेच हसले. बायको मात्र जीव मुठीत धरून बसली होती. आता हसतील, मग विचारतील, मग सगळ्यांना कळेल.

तांबडं आभाळ आलं. यान उतरता उतरता थरथरायला लागलं. आणि त्या आभाळातून डोंगराएवढा एक हात हळूहळू खाली आला. तोही थरथरत होता. लोक हसायचे थांबले. मग दुसरा हात आला, त्यानं पहिल्याचं मनगट धरलं, आणि त्या दोन अवाढव्य हातांनी ते एवढंसं यान ग्रहावर ठेवलं. बायको खुर्चीत पुढे सरकली. ती चादर तिची होती, गाळणी तिची होती, हातसुद्धा तिचाच होता. तरी तिला वाटलं, आपण हे पहिल्यांदाच बघतोय, आणि हे आपल्याहून फार मोठं आहे.

दिवे लागले तसे मालक उठले आणि त्यांनी मेहुण्याचा हात धरला. "अहो, काय डोकं तुमचं! ग्रहालाच हात! कशी सुचली ही युक्ती?"

मेहुणा काही श्रेय सोडणाऱ्यातला नव्हता. त्यानं तोंड उघडलंही. झाकायचं म्हटलं तर आता सगळं झाकलं जाणार होतं. बायकोनं सुटकेचा श्वास घेतला.

"युक्ती नाही ती," कवळीवाले म्हणाले. "माझा हात थरथरतो, मालक. वर्ष झालं. दुसरा हात हिचा आहे."

मेहुणा त्यांच्याकडे बघतच राहिला. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि ऑपरेटरच्या खोलीकडे वळून हाक मारली, "अहो, तेवढं पुन्हा लावता का?"

रीळ मागे फिरवायला दहा मिनिटं लागली. एक माणूस जागचा उठला नाही. पुन्हा अंधार झाला, पुन्हा तो हात आभाळातून खाली आला, आणि या वेळी तो कुणाचा आणि का थरथरतोय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तेव्हा मागून मालक लहान पोरासारखे पुटपुटले, "उतरलं. उतरलं बघा."