तीन पोती काळी माती

माणसांपेक्षा मातीची जास्त चौकशी करणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांसारखा अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. माती तपासणीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहायला आले, पण खोड जाईल तर शपथ! कुणाच्या लग्नाला सांगोल्याला गेले, तरी अक्षता पडायच्या आत तिथली मूठभर माती यांच्या खिशात. उकरायला मामींचं लाकडी उलथणं पळवतात. मामी करवादतात, "अवो, मी पिठलं काय बोटानं हलवू?" त्यावर शांत उत्तर, "लोखंड लागलं की तपासणीत माती खोटं बोलती."

त्यांची एकुलती लेक कोकणात दिलेली, घर खाडीकाठी. तिच्या डोहाळजेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली आणि नेमका मामांना जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. महिन्यापूर्वी लेकीच्या परसातून आणलेल्या मातीत शिसं आणि कॅडमियम नको इतकं निघालं होतं. इकडे लेकीच्या ताटात त्याच परसातल्या अळूचं फदफदं! मामांनी वाटीच उचलली. घाबरले की ते गावाकडचं बोलतात. "खाऊ नगं पोरी, ह्यात शिसं हाय!"

"म्हणजे आम्ही सुनेला विष घालतो काय?" विहीणबाई कडाडल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामांनी हात जोडले. "तुमची चूक न्हाय ताई. कारखान्याचं पाणी खाडीत येतंय, भरतीला परसात शिरतंय. भाजी बिचारी काय करील?"

विहीणबाईंनी बोलणंच टाकलं. लेकीला रोज काय ऐकून घ्यावं लागत असेल, या घोरानं मामा निम्मे झाले. पंधरा दिवसांत मोहोळच्या भावाच्या शेतातली तीन पोती काळी माती घेऊन एसटीनं निघाले. हमाल अर्थातच मी.

"काका, कोकणात माती मिळत न्हाय व्हय?" कंडक्टर हसला.

"मिळती की. पण मला वळखीची पायजे."

तिथं त्यांनी स्वतः कुंड्या भरून मेथी पेरली. विहीणबाईंनी चहा दिला, पण शब्द नाही.

बाळंतपण सोलापुरात झालं, मायलेकी परत गेल्या, पोर रांगायलाही लागली. परवा मी मामांकडे बसलो असताना विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"अहो व्याही, तुमची नात माती खाते बघा!"

मामांचा चेहरा पांढराफटक. "कुठली? परसातली?"

"छे हो! परसात मी तिला पाऊल ठेवू देते होय? तुमच्या कुंडीतली."

पडद्यावर काळं माखलेलं चिमुकलं तोंड हसत होतं.

"मग खाऊ द्या थोडी," मामा एवढंच म्हणाले, आणि चष्मा काढून कितीतरी वेळ पुसत राहिले.