मुक्या चाकाची शिफारस

निजामाच्या मुलखात विज्ञानाची पहाट नेकनूरच्या शिवारात एका विहिरीवर उजाडली, असं आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, शपथेवर सांगत. या मताला दुजोरा देणारा दुसरा माणूस मला अजून भेटायचा आहे. पुण्याहून विज्ञानाची पदवी घेऊन ते गावच्या शाळेत मास्तर झाले, पण जीव गुंतला होता संशोधनात. जगातली निम्मी ताकद घासण्यात वाया जाते, हा त्यांचा ध्यास. लग्नात अक्षता पडत असताना कुणी विचारलं, "नवरदेवाचे आतोबा कुठं हायेत?" तर हमखास उत्तर यायचं, "गाडीखाली. आसाला कान लावून बसलेत." आत्या म्हणायची, "आधी माजघराचं दार करकरतंय ते बघा." आतोबा शांतपणे सांगत, "दारावर काम झालेलं आहे. चाकावर झालेलं नाही."

ते त्यांनी केलं. स्वतःच्या सायकलीतल्या पोलादी गोळ्या काढून गावचे जमीनदार देशमुख यांच्या विहिरीवरच्या मोटेच्या चाकात बसवल्या. त्यानंतर ते सायकल हातात धरून चालत, पण चाक बिनआवाज फिरू लागलं. हळहळले ते एकटे देशमुख. कारण ते घरच्या ओसरीवर लोडाला टेकून, करकर ऐकूनच गडी मोट हाकतोय की निजलाय हे ओळखत. आता गडी राबला काय, निजला काय, शांतता सारखीच. देशमुख तक्रार घेऊन तहसीलदारांकडे गेले. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर हैदराबादला गेलेत, तिथंच गाठा."

आतोबा गेले होते ते डॉक्टरेटसाठी परदेशी जाण्याचा सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मागायला. पुढच्या वर्षी त्यांचं वय वजिफ्यात बसणार नव्हतं, म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. उसनी शेरवानी घालून ते तीन साहेबांपुढे उभे राहिले. त्यांचा निबंध टेबलावर होता आणि त्यावर पानदान ठेवलेलं होतं.

"शिफारस कुणाची?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"मोटेच्या चाकाची."

"ते काय म्हणतं?"

"काहीच म्हणत नाही, हुजूर. तेच तर संशोधन आहे."

साहेब पान लावू लागले. आतोबांनी मनातल्या मनात शेरवानी परत करून टाकली. एवढ्यात शिपायाला बाजूला सारून देशमुख आत शिरले. "हुजूर, या मास्तरनं माझं चाक मुकं केलं!"

"अजिबात आवाज येत नाही?"

"लई कान लावला, हुजूर. मेल्यावाणी फिरतंय!"

"तेल जास्त घातलं असेल."

"तेलाचा थेंब न्हाई! अन् बैल तर असे पळत्यात, जसं काय मोट रिकामीच हाय!"

मोठ्या साहेबांनी पानदान उचललं, देशमुखांचा भरजरी फेटा न्याहाळला आणि आतोबांवरच डाफरले, "एवढ्या मोठ्या जमीनदारांची शिफारस असताना आधी सांगायला काय झालं?"

वजिफा मंजूर झाला. नेकनुरात हलग्या वाजल्या आणि मिरवणुकीत देशमुखच पुढे होते. शिफारस आपण केली, हे एव्हाना त्यांनाही पटलं होतं. आतोबा डॉक्टर होऊन आले, कॉलेजात प्राध्यापक झाले, आणि त्यांच्या हाताखालच्या पोरांनी पुढे मोठी यंत्रं उभी केली. आता ते नाहीत. गाडीखालून निघणारा, धुळीनं माखलेला तो हसरा चेहरा लग्नाकार्यात अजून आठवतो. परदेशातून त्यांनी प्रबंधाची पहिली छापील प्रत देशमुखांना पाठवली होती. देशमुखांनी ती देवघरात ठेवली. ते चाक मात्र त्यांनी हैदराबादहून परतल्याच्या दुसऱ्या दिवशीच काढून टाकलं होतं.